कापण्याआधी मोजमाप

२७ जुलै २०१९ ची सकाळ. बदलापूर आणि वांगणी या स्टेशनांच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात उभी होती आणि हजाराहून अधिक प्रवासी सुटकेची वाट बघत होते. ती बातमी अनेकांना आठवत असेल. गाडी अडकली ती आमच्या चामटोलीजवळ. उल्हास नदीचं तेच पाणी माझ्या तळमजल्याच्या खोलीतही शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर खाटेखालची खोकी बाहेर काढली. पुठ्ठा, जोडणीचे छापील कागद, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं या सगळ्याचा लगदा झाला होता. प्लास्टिकचे सुटे भाग मात्र चिखलातून काढून धुतले आणि पुन्हा नव्यासारखे झाले. त्यांत एक किट १९३२ सालच्या फोर्ड मोटारीचं होतं, एकास पंचवीस या प्रमाणातलं, जोडायचं राहून गेलेलं.

तोवर मी कागदावर छापलेल्या क्रमानेच मॉडेलं जोडत आलो होतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगच्या टूलरूममध्ये बरीच वर्षं फिटरचं काम केलं. ड्रॉइंगबाहेर जाणं अंगवळणी नव्हतं. आता ड्रॉइंगच उरलं नव्हतं. या मोटारीचं करायचं काय, हे शोधता शोधता मी हॉट रॉड या विषयात शिरलो. तेव्हापासून जे वाचलं, मोजलं आणि हाताने करून पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

मूळ मोटार

हॉट रॉड म्हणजे जुनी, साधी मोटार स्वतःच्या हाताने कापून, हलकी करून, वेगासाठी पुन्हा बांधलेली. या प्रकाराची आद्य मोटार म्हणजे १९३२ ची फोर्ड. त्या वर्षी हेन्री फोर्डच्या कंपनीने आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसवलं. २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. त्याआधी असं इंजिन श्रीमंतांच्या गाड्यांत असे. फोर्डने इंजिनाचा ठोकळा एकाच ओतकामात काढायची युक्ती साधली आणि किंमत खाली आली. काही वर्षांत याच मोटारी जुन्या बाजारात तरुण पोरांच्या खिशाला परवडू लागल्या.

दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या पडलेल्या तळ्यांची सपाट मैदानं आहेत. ही पोरं तिथे गाड्या पळवत. मडगार्ड, बॉनेट, बंपर काढून टाकले की वजन उतरतं. टप खाली आणला की वारा कमी अडतो. १९३७ साली या शर्यतींसाठी संघटना झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं.

या कापाकापीचे तीन मुख्य प्रकार. खिडक्यांच्या खांबांतून आडवी पट्टी काढून टप खाली बसवणं म्हणजे चॉप. तळाची फरशी कापून सगळी बॉडी चासीवर खाली उतरवणं म्हणजे चॅनल. आणि बॉडीच्या पोटातूनच आडवी पट्टी काढून तिची उंची कमी करणं म्हणजे सेक्शन. तिन्हींत मोटार बुटकी होते, पण प्रत्येकात तिचा चेहरा वेगळा दिसतो.

हे आपल्यापासून फार दूरचं आहे असं नाही. फोर्ड कंपनी १९२६ मध्ये मुंबईत आली आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. आपल्याकडेही मोटारी कापल्या गेल्या आणि नव्याने बांधल्या गेल्या, फक्त हेतू निराळा होता. परदेशी चासीवर गावोगावच्या सुतार-लोहारांनी लाकडी बॉडी चढवल्या आणि त्यातून सर्व्हिस मोटारी धावल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेली एसटीची पहिली बसही लाकडी बॉडीचीच होती, आत काथ्याची आसनं. तिकडे वजन उतरवायला मोटार कापली, इकडे वजन चढवायला.

खोक्यातली मोटार

एएमटी ही अमेरिकन कंपनी १९४८ च्या सुमारास सुरू झाली. मोटार विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला दाखवायला किंवा भेट द्यायला ठेवायच्या छोट्या मोटारी ती बनवत असे. आधी अॅल्युमिनियमच्या, मग प्लास्टिकच्या. १९५८ मध्ये तिने याच साच्यांतून सुट्या भागांची किट काढली आणि खोक्यावर छापलं: एकात तीन. म्हणजे याच भागांतून शोरूममधली जशीच्या तशी मोटार करा, सजवलेली करा किंवा शर्यतीची करा. दुसऱ्या वर्षी त्यात १९३२ ची फोर्डही आली.

या ‘एकात तीन’चा परिणाम मोठा झाला. एक मोटार जोडली की दोन मोटारींचे भाग उरत. ते डब्यात जमत आणि पुढच्या मॉडेलला लागत. एका किटचं इंजिन, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची आसनं. आमच्या छंदातली निम्मी कला या उरलेल्या भागांच्या डब्यातून आली आहे.

छोट्याने मोठ्याची नक्कल करायची हा क्रमही एकदा उलटा झाला. मोनोग्राम कंपनीसाठी टॉम डॅनियल या चित्रकाराने ‘रेड बॅरन’ नावाची एक मोटार कल्पनेने रेखाटली. तिचा टप म्हणजे पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राण. १९६८ साली तिचं किट बाजारात आलं. अशी खरी मोटार जगात कुठेही नव्हती. पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या चक मिलर यांनी त्या किटवरून खरी, चालणारी मोटार बांधली. किटमध्ये विमानाचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, खऱ्या मोटारीत पाँटियाकचं बसवावं लागलं. आधी वीतभर मॉडेल, मागाहून पूर्ण मापाची मोटार.

एक इंच, एक मिलिमीटर

दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात. त्यातला मातीचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि कोणाला खटकत नाही, कारण तिथे प्रमाणाचा नियमच नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना दुसरं टोक माहीत आहे. तिथे डबा, सिग्नल, माणूस, सगळं एकास सत्त्याऐंशी. एक वस्तू चुकली की सगळं गाव खोटं वाटतं.

मोटारींच्या किटमध्ये एकास पंचवीस हे प्रमाण रूढ आहे आणि त्यात एक सोय आहे. खऱ्या मोटारीचा एक इंच मॉडेलवर १.०१६ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. हॉट रॉडवाले इंचांत बोलतात. तीन इंचांचा चॉप म्हणजे मॉडेलवर तीन मिलिमीटर. १९३२ च्या फोर्डच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०६ इंच, मॉडेलवर १०७.७ मिलिमीटर. व्हर्नियर लावला की खरी मोटार डोळ्यासमोर येते.

पण सगळंच प्रमाणात येत नाही. खऱ्या बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. पंचवीसने भागला तर ०.०४ मिलिमीटर, केसाहून पातळ. एवढ्या फटीत वितळलेलं पॉलिस्टायरिन भरणार नाही, वाटेतच थिजेल. म्हणून किटची भिंत दीड मिलिमीटर ठेवतात, म्हणजे खऱ्या मापात दीड इंच जाडीचा पत्रा! कापून दार उघडं केलं की ही जाडी उघडी पडते, मग कडा आतून तासून पातळ करावी लागते. रंगाचंही तेच. मोटारीच्या रंगातली चमकी मॉडेलवर खड्यांसारखी दिसते. चमकी बारीक हवी आणि थर पातळ, नाही तर पाट्या आणि बिजागऱ्या बुजतात.

करवत

आता माझ्या फोर्डची गोष्ट. तीन मिलिमीटरचा चॉप करायचं ठरवलं. खांबांवर टेपच्या कडेने दोन रेघा मारल्या, ब्लेडच्या पाठीने चर पाडले आणि बारीक दात्यांची करवत लावली. टप सुटला. परत बसवून पाहिला तर दोन गोष्टी चुकल्या होत्या.

पहिली, खांब सरळ उभे नसतात. वर जाताना ते आत झुकतात. मधली पट्टी काढली की वरची टोकं जवळ आणि खालची लांब, ती एकमेकांवर येत नाहीत. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. करवतीचं पातं ०.३ मिलिमीटर कापतं आणि तेवढा माल भुसा होऊन जातो. मी दोन्ही काप रेघेच्या बाहेरच्या अंगाने घेतले, म्हणून तीनच्या जागी ३.६ मिलिमीटर गेलं. टूलरूममध्ये शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात सांगायची गोष्ट मीच विसरलो होतो. आणि कापण्याआधीच्या बॉडीची मापं कुठेही लिहिलेली नव्हती. किती चुकलं ते कळायलाच दोन दिवस गेले.

दुरुस्तीसाठी पॉलिस्टायरिनच्या पातळ पट्ट्या कापून खांबांच्या टोकांना जोडल्या. या प्लास्टिकचा सिमेंट म्हणजे गोंद नव्हे. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मुरतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. म्हणून घाईने कानस लावायची नाही, किमान एक दिवस थांबायचं. टप मधोमध उभा चिरून पट्टी घातली, रुंद केला आणि खांबांवर बसवला. उरलेल्या खाचा लांबीने भरल्या, तीच गॅरेजवाले डेंटिंगनंतर भरतात तशी, पण मॉडेलसाठीची बारीक. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, चारशेपासून दोन हजारपर्यंत.

इंजिनावरच्या वायरी मात्र फुकट मिळाल्या. भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले असतात त्यांना आम्ही रनर म्हणतो. रनरचा तुकडा पणतीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत धरायचा. तो मऊ पडला की बाजूला घेऊन हळू ओढायचा, दोऱ्यासारखी तार निघते. सावकाश ओढली तर जाड, झटकन ओढली तर बारीक. रंग द्यायला पावसाळा संपेपर्यंत थांबलो. आमच्याकडे जुलैत लॅकर मारला की हवेतला ओलावा त्यात धरतो आणि चकाकीच्या जागी पांढुरकी धुरी येते.

साचा

पुरानंतर मी जे वाचलं त्यातली एक गोष्ट माझ्या धंद्यातली म्हणून सगळ्यात जास्त लागली. पोलादी साचा कापताना प्लास्टिक आकसणार याचा हिशेब धरावा लागतो. पॉलिस्टायरिन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, म्हणजे फोर्डच्या चासीसाठी साचा अर्धा मिलिमीटर लांब. साच्यातून लोखंड काढलं की भाग जाड होतो. भाग पातळ करायचा तर साच्यात लोखंड भरावं लागतं, वेल्डिंग करून. ते महाग पडतं आणि पृष्ठभागाला डाग राहतो. म्हणून टूलरूममध्ये लोखंड थोडं राखून कापायची शिस्त असते. काढणं नेहमी शक्य असतं, भरणं जिकिरीचं.

एएमटीसारख्या कंपन्या दरवर्षी नव्या मोटारीचं किट काढत. प्रत्येक वेळी नवा साचा परवडणारा नव्हता. म्हणून गेल्या वर्षीचाच साचा कापून, भरून या वर्षीचा केला जाई. काही पुढे शर्यतीच्या मोटारींसाठी कायमचे बदलले गेले. त्यामुळे साठच्या दशकातली कित्येक किटं आज कोणालाही पुन्हा छापता येत नाहीत. प्लास्टिक हवं तेवढं आहे, ज्या पोलादात ते ओतायचं ते पोलादच दुसरं झालं आहे. मोटारी कापून हॉट रॉड करायला शिकवणाऱ्या किटांचे साचेही असेच कापले गेले.

खऱ्या मोटारींचंही तेच झालं. १९३२ च्या किती फोर्ड मूळ रूपात राहिल्या असत्या आणि हॉट रॉडवाल्यांनी कापल्या, यावर तिकडे अजून वाद होतो. मला कापणाऱ्यांवर राग धरता येत नाही. त्यांनी कापलं नसतं तर यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या असत्या. पण कापण्याआधी कोणी तरी मोजून ठेवलं असेल तरच कापण्याला अर्थ राहतो. टप किती खाली आला हे मूळ टप माहीत असेल तरच दिसतं.

आपल्याकडे कापणं भरपूर झालं, मोजणं कमी. सर्व्हिस मोटारींची मापं सुतारांच्या हातात होती, त्यांच्याबरोबर ती गेली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही मोटार काळी-पिवळी म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत आहे, पण डोळ्यांतल्या मापावरून मॉडेल होत नाही. तिच्यासाठी लाखोंचा पोलादी साचा कापावा, असं बाजाराचं गणितही नाही.

गेल्या वर्षी उल्हासनगरात एका भंगारवाल्याकडे पद्मिनीची बॉडी उभी दिसली. त्याला चहा पाजून दोन रविवार मागून घेतले. मोजपट्टी, ओळंबा, पुठ्ठ्याचे साचे घेऊन टपाची, दारांची, दिव्यांच्या खोबणीची वळणं उतरवली. चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, मॉडेलवर ९३.६. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा बॉडी नव्हती.

आता लाकडाचा ठोकळा तासतो आहे. त्यावर गरम प्लास्टिकची शीट ओढून बॉडी काढेन. पहिली जशीच्या तशी, काळी-पिवळी. दुसरीचा टप तीन मिलिमीटर खाली आणायचा विचार आहे, या वेळी करवतीची जाडी धरून. मापांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवले आहेत, २०१९ च्या पाण्याच्या रेघेपेक्षा बरेच वर.