मॅच हरली की शिव्या टँकलाच का बसतात? खरी चूक कुठे होते?

शनिवारची रात्र. पाच जणांची टीम, ओव्हरवॉचची कॉम्पिटिटिव्ह मॅच. पाच मिनिटांत टीम तीनदा साफ होते आणि चॅटमध्ये दोन शब्द येऊन पडतात, "टँक डिफ". म्हणजे काय, तर समोरचा टँक भारी, आपला टँक कच्चा. विषय संपला.

ही शिवी खाऊन टँक खेळणंच सोडून दिलेले बरेच जण तुमच्याही ओळखीत असतील. पण चूक खरंच एकट्या टँकची असते का?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

ओव्हरवॉच मे २०१६ मध्ये आला तेव्हा एका टीममध्ये ६ खेळाडू असायचे. २०१९ मध्ये त्यांच्या भूमिका ठरल्या, २ टँक, २ डॅमेज आणि २ सपोर्ट. एक टँक पुढं घुसला तर दुसरा मागं थांबून बाकीच्यांना सांभाळायचा. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आला आणि टीम ५ जणांची झाली. जो एक गडी कमी झाला, तो टँक होता. पुढं सहा-सहाच्या मॅचही परत आल्या, पण पाच जणांच्या नेहमीच्या मॅचमध्ये टँक एकटाच. त्यामुळं त्याची चूक झाकायला दुसरं कुणी नसतं.

आता मुद्द्याचं. टँकचं काम काय? बहुतेक जण सांगतील, गोळ्या खाणं. इथंच गाडी चुकते.

ओव्हरवॉचमध्ये शत्रूला गोळी लागली की मारणाऱ्याचं अल्टिमेट, म्हणजे त्याची सगळ्यात मोठी ताकद, भरत जातं. टँकचा देह मोठा, नेम चुकणं अवघड. म्हणजे मोकळ्या रस्त्यात उभं राहून छातीवर गोळ्या झेलणारा टँक समोरच्यालाच ताकद पुरवत असतो.

टँकचं खरं काम आहे जागा मिळवणं. समोरच्याला मागं सरकायला लावायचं, म्हणजे आपल्या लोकांना उभं राहून नेम धरायला जागा मिळते. त्यासाठी सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे कोपरा. भिंतीच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, पुढं येऊन मारायचं, तब्येत कमी झाली की एका पावलात आडोशाला. हीलरने भरून दिलं की पुन्हा बाहेर.

राइनहार्टचंच बघा. त्याच्या हातात भलीमोठी ढाल असते. नवखा खेळाडू ती फुटेपर्यंत धरून ठेवतो. फुटली की ती परत यायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात मॅच हातची जाते. मुरलेला खेळाडू ढाल फक्त रस्ता ओलांडायला वापरतो, आडोसा आला की मिटतो आणि तिला भरू देतो.

प्रत्येक टँकची जागा मिळवायची पद्धत वेगळी. विन्स्टन उडी मारून थेट मागच्या हीलरवर पडतो. झारिया बुडबुड्याच्या कवचाने साथीदाराला वाचवते, आणि त्या कवचावर जेवढा मार पडेल तेवढी तिची बंदूक तापते. म्हणून राइनहार्टसारखं विन्स्टनने समोर उभं राहून भांडायला गेलं की मरण ठरलेलं.

आता बाकीच्या चौघांकडं येऊ.

विन्स्टनने उडी मारली, पण डॅमेजवाले दुसऱ्याच गल्लीत. हीलर भिंतीमागं. ॲनाची औषधाची गोळी भिंतीतून जात नाही, टँक तिला दिसलाच नाही तर ती करणार काय? टँक मेला आणि चॅटमध्ये पुन्हा तेच दोन शब्द.

यावर उपाय सोपे आहेत.

पहिला, आत घुसायच्या आधी सांगा. "तीन म्हटलं की उडी" एवढं पुरतं. माइक नसेल तर गेममध्ये पिंग आहे, तो वापरा.

दुसरा, घुसण्याआधी डोकी मोजा. आपला एक जण मेलेला असेल तर चौघांनी पाच जणांवर चाल करायची नाही, मागं या.

तिसरा, लढाई हरलीच तर एकेकटे मरत बसू नका. एकेक जण परत येऊन एकेक जण मरत राहिला की पाचही जण एकत्र कधी जमतच नाहीत.

चौथा, टँक पुढं गेला की त्याने हटवलेल्या लोकांवर लगेच गोळ्या झाडा. मिळालेली जागा वापरली नाही तर ती काही सेकंदांत परत जाते.

आणि शेवटचा, मॅच संपल्यावर रिप्ले बघा. पूर्ण नाही, फक्त आपण कुठं कुठं मेलो तेवढंच. मरण्याच्या दहा सेकंद आधी थांबवा आणि दोन प्रश्न विचारा. माझा आडोसा कुठं होता? आणि माझी टीम कुठं होती?

पहिल्याचं उत्तर सापडलं नाही, तर चूक टँकची. दुसऱ्याचं सापडलं नाही, तर चूक सगळ्यांची.

त्यामुळं पुढच्या वेळी "टँक डिफ" टाइप करायच्या आधी एकदा बघा, तो आत गेला तेव्हा तुम्ही कुठं होतात?