तेलाविना अखंड पक्षी भाजताना घ्यावयाची दक्षता

कोंबडी किंवा टर्की अखंड भाजण्यास तेल लागतेच असे नाही. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा व कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके पालथे घालून भोवती जाळ करतात. या पोपटीत तेल वा पाणी पडत नाही. अवरक्त किरणांच्या बिनतेलाच्या भट्टीतही तापलेल्या भिंतीची उष्णता प्रथम कातडीवर पडते व हळूहळू आत शिरते. म्हणून कातडी तांबूस झाली तरी सांध्यालगतचे मांस कच्चे राहू शकते. टर्की मोठा असल्याने हा धोका अधिक.

२००६ साली नाशिक विभागातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक झाला. मांस आतपर्यंत नीट शिजल्यास हा विषाणू नष्ट होतो.

गोठविलेला पक्षी शीतकपाटात पूर्ण वितळू द्यावा. दर दोन किलोस सुमारे एक दिवस लागतो. पोटात सारण भरू नये. मांडीच्या जाड भागात, हाडास न टेकेल असा तापमापक खुपसून ७४ अंश सेल्सिअस झाल्याची खात्री करावी.

आजारी वा मेलेला पक्षी मात्र कदापि कापू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. ग्रामीण कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक कोंबडीपालकास समजावून द्यावी.