एका पानातला संग्रामदुर्ग

भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या ज्या औद्योगिक पट्ट्यात पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी हेच दिवसाचे प्रहर झाले आहेत, तेथील माणसाला स्पर्धेसाठी लेखन करणे अपरिचित नाही. 1953 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी यंत्रावर काम करणाऱ्यांना संहिता आणि रंगभूमी यांची गोडी लावली आहे. आज ज्या लेखनप्रकाराचा परिचय करून द्यावयाचा आहे, तो नाटकाचाच दूरचा आप्त असून आपल्या तरुणांनी त्याकडे गांभीर्याने पाहावे असे मला मनापासून वाटते. हा प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळावयाच्या रोलप्लेइंग खेळासाठी साहस रचणे आणि ते स्पर्धेत दाखल करणे.

या खेळात चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो, ज्याला गेममास्टर म्हणतात, आणि उरलेले प्रत्येकी एकेक पात्र धारण करतात; सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जेथे यशापयश संदिग्ध असेल तेथे फासा टाकून निकाल लावला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी 1974 साली प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या कुळाचा मूळपुरुष; पटावर सैन्ये मांडून लढाया खेळणाऱ्या छांदिष्टांच्या मंडळांतून तो जन्मला. पुढच्याच वर्षी गायगॅक्सचे 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस एका संमेलनात स्पर्धेसाठी खेळविले गेले, पण ती कसोटी खेळाडूंची होती. लेखकांच्या स्पर्धांपैकी नवागताने प्रथम ध्यानात घ्यावी अशी 'वन पेज डन्जन कॉन्टेस्ट' 2009 साली सुरू झाली, आणि तिचे मुख्य कलम तिच्या नावातच आहे: नकाशा, स्थळे, पात्रे, संकटे, सारे काही एका पानावर मावले पाहिजे.

ही मर्यादा जाचक वाटेल, परंतु तिच्यामागे व्यवहार आहे. सूत्रधार हा मजकूर निवांतपणे वाचीत नसतो. समोर चार जण उत्तराची वाट पाहत असताना त्याची दृष्टी पानावरून फिरते आणि हवी ती गोष्ट क्षणात सापडावी लागते. यंत्राशेजारी टांगलेले ड्रॉइंग हातातले काम न थांबविता वाचण्याची ज्याला सवय आहे, त्याला या पानाची शिस्त निराळी शिकवावी लागणार नाही.

विषयासाठी राक्षसांच्या परदेशी गुहा धुंडाळण्याची आवश्यकता नाही. चाकण गावाच्या वस्तीतच संग्रामदुर्ग या भुईकोटाचे अवशेष उभे आहेत. जून 1660 मध्ये शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. कुमकेची आशा क्षीण, किल्ल्यात केवळ काही शेकड्यांची शिबंदी, आणि वर कोसळणारा पावसाळा. अशा स्थितीत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने सुमारे 55 दिवस किल्ला झुंजविला. ऑगस्टच्या मध्यास सुरुंगाने बुरूज उडाला, आणि त्यानंतरच किल्ला मोगलांच्या हाती गेला.

नवखा लेखक येथे इतिहासाच्या क्रमानेच प्रवेश लिहील: आधी वेढा, मग सुरुंग, मग शरणागती. असे लिहिले की खेळाडू प्रेक्षक होतात, कारण शेवट आधीच ठरलेला असतो आणि त्यांच्या निर्णयाला वाव उरत नाही. साहस लिहिणाऱ्याने कथानक सोडून परिस्थिती लिहावी: कोठे काय आहे, कोणाला काय हवे आहे, आणि कोणी हात घातला नाही तर काय घडेल. समजा, आपण शेवटच्या तीन रात्री निवडल्या. नकाशावर खंदक, दरवाजा, दारूकोठार आणि तो बुरूज दाखवावा. बुरुजाखाली कोठेतरी खणण्याचा आवाज येतो एवढे सांगावे. तिसऱ्या रात्रीच्या अखेरीस सुरुंग पेटेल अशी नोंद समासात करावी. खेळाडूंनी उलट भुयार खणावे, खंदक पोहून शत्रूची दारू भिजवावी, पत्र घेऊन बाहेर निसटावे किंवा तहाची बोलणी लांबवावी, हा सर्वस्वी त्यांचा अधिकार.

फिरंगोजीची भूमिका मात्र कोणाही खेळाडूला देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्या पुरुषाने घेतलेले निर्णय त्याचेच राहू द्यावेत. खेळाडूंनी पाथरवट, गोलंदाज, हरकारा, खंदकावरचा पहारेकरी अशी ज्यांची नावे दफ्तरात उतरली नाहीत ती माणसे व्हावे. त्याचप्रमाणे मोगलांच्या गोटातही केवळ शत्रू न ठेवता पगार थकलेला एखादा बेलदार ठेवावा, ज्याच्याशी बोलता येईल. तलवारीखेरीज दुसरा मार्ग ज्यात नाही, असे साहस परीक्षक एकदा वाचून बाजूला ठेवतील.

कच्चा खर्डा झाला की तो स्वतः खेळवू नये. सुटीच्या दिवशी दुसऱ्या एखाद्या मित्राच्या हाती कागद द्यावा, त्याला मराठीतूनच खेळवू द्यावे, आणि आपण एक अक्षर न बोलता बाजूला बसावे. जेथे तो अडखळेल, जेथे पान उलटसुलट करून शोधू लागेल, तेथे दोष आपल्या लेखनाचा समजून दुरुस्ती करावी. बहुधा वर्णने निम्म्याने कमी होतील आणि नकाशा मोठा होईल.

दाखल करण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली आणि मुदत पाहावी. या स्पर्धेत साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले करण्याची प्रथा आहे; म्हणजे लेखकाचे नाव राखून इतरांना ते वाटता, बदलता आणि आपल्या टेबलावर खेळता येते. म्हणून दुसऱ्याचे चित्र किंवा छापील नकाशा त्यात घेऊ नये. संग्रामदुर्गाला स्वतः फेरी मारावी, उरलेली तटबंदी पाहावी, आणि आराखडा आपल्या हातानेच काढावा.