गादीची परीक्षा

टोंक मोडून पाहिल्यावांचून पाव किलो भेंडीही न घेणारे आपण गृहस्थ, गादी घेतांना मात्र खोळीवरील फुलांवर भाळून जातों. प्रस्तुत लेखकही भाळला होता. आमच्या वृद्ध आत्याबाईंची पाठ दुखूं लागली म्हणून मीं एका दुकानांतून स्वस्त गादी आणिली. पावसाळ्यांत तिच्यांत गोळे झाले व आत्याबाईंची पाठ अधिकच धरली. शेवटीं शिवण उसवून पाहतों तों आंत कापूस नाममात्र. बाकी रंगीत चिंध्यांचा भुगा! दुकानदारानें पावती मागितली. ती मीं चार पैसे वांचविण्याच्या लोभानें घेतलीच नव्हती.

तेव्हांपासून नियम केला कीं, कापसाची गादी डोळ्यांसमोर, कापूस तोलून भरून घ्यावी. ती उन्हांत तापवितां येते, दबल्यावर पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतां येते. फोमास हा गुण नाहीं. फोमच हवा असल्यास घनता, म्हणजे एका घनमीटराचें वजन किती किलो, तें विचारावें. घनतेवरून टिकाऊपणा कळतो, कठीणपणा नव्हे. हा भेद पुष्कळ विक्रेत्यांसही ठाऊक नसतो. शिवाय पाठदुखीस फळीसारखें अंथरूणच हवें, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. २००३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या, ३१३ रुग्णांवरील स्पेनमधील प्रयोगांत अतिकठीण गादीपेक्षां मध्यम कठीण गादीच हितकर ठरली.

दुसऱ्या खेपेस आत्याबाईंनाच बरोबर नेलें. “आंतलें दाखवितां का?” असें विचारतांच त्या दुकानदारानें कात्री पुढें केली, आणि पावतीवर कापसाचा प्रकार व वजनही लिहून दिलें. आत्याबाई तोंवर मांडून ठेवलेल्या नमुन्याच्या गादीवर, भर दुकानांत, कुशीवर आडव्या होऊन पाव घटका डोळे मिटून पडल्या होत्या.