पाच मिलिमीटर

सरळगावहून किन्हवलीकडे जाताना डांबर सोडून एखाद्या पाड्याची वाट धरली, की दोन-तीन किलोमीटरांत जमीन चार वेळा रूप पालटते. आधी तांबूस मुरूम, पावसाळा सरला की ज्वारीच्या दाण्यांसारखा सुटा होणारा. मग भातखाचरांमधली गाडीवाट, दोन्हीकडे खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा वरंबा. पुढे ओहोळ, त्यात मुठीएवढ्यापासून डोक्याएवढे गोल गोटे. ओहोळ ओलांडला की काळा कातळ, श्रावण-भाद्रपदात शेवाळाने हिरवागार. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल याच वाटेने रोज सकाळी जाते आणि दूध न सांडता परत डांबराला लागते. मला हे दृश्य कितीदा पाहिलं तरी नवं वाटतं.

शहापूर-मुरबाडच्या या वाटांवर मी ऑफ-रोड गाडी चालवायला लागलो, तेव्हा सगळं कसब हातात असतं अशी माझी समजूत होती. मुरमाच्या वळणावर माझं पुढचं चाक हटकून बाहेरच्या बाजूला घसरत जायचं. हँडल वळवलेलं, गाडी मात्र सरळ. मुरबाडच्या एका मेकॅनिकने माझं म्हणणं ऐकून घेतलं, मला सीटवर बसवलं, लांबून गाडीकडे बघितलं. मग पुढच्या फोर्कचे दोन्ही पाइप ज्या जाड पकडीत बसतात, जिला गॅरेजमध्ये ‘टी’ म्हणतात, तिचे बोल्ट त्याने सैल केले, पाइप पाच मिलिमीटर वर सरकवले आणि बोल्ट पुन्हा आवळले. काम एवढंच. त्याच मुरमाच्या त्याच वळणावर त्या संध्याकाळी गाडी वळली, जणू तिला वाट आधीपासून ठाऊक होती.

पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाच्या निम्मं. एवढ्याने काय झालं, हे शोधताना मला जे सापडलं त्याने अजून माझी पाठ सोडलेली नाही.

दवाखान्यातलं स्ट्रेचर आठवा. त्याची छोटी चाकं आपल्या दांड्याच्या थोडी मागे लोंबत असतात, म्हणून स्ट्रेचर ढकलाल त्या दिशेला ती आपोआप वळतात. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचंही तेच आहे. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं ती मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे टेकते. या दोन जागांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. रानवाटेलाही ट्रेल आणि या अंतरालाही ट्रेल, हा योगायोग मला फार आवडतो. हे अंतर जास्त असलं की चाक सरळ राहायला बघतं, गाडी वेगात शांत असते पण वळायला आळशी होते. ते कमी असलं की चटकन वळते, पण सुसाट उतारावर हँडल थरथरू लागतं.

आता हिशेब करू. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमध्ये साधारण १४०० मिलिमीटर अंतर असतं. पाइप पकडीत वर सरकले की गाडीचं नाक तेवढं खाली येतं. पुढचा भाग असा पाचेक मिलिमीटर खाली बसला, तर हँडलच्या रेषेचा कल एका अंशाच्या पाचव्या भागाएवढा बदलतो. त्यातून ट्रेल घटतो तो जेमतेम दीड मिलिमीटर. सोबत थोडं वजनही पुढच्या चाकावर सरकतं आणि त्याची पकड वाढते. दीड मिलिमीटर! सुताराच्या पेन्सिलीची रेघही जवळपास तेवढी जाड असते. तळहातांना तो फरक कळतो, कारण हँडल दर क्षणी जमिनीची बातमी तळहातापर्यंत आणत असतं, आणि एवढ्याशा बदलानेही त्या बातमीचा जोर बदलतो.

दुचाकी मुळात उभी का राहते, याचं उत्तर शाळेत आम्हाला भोवऱ्याचा दाखला देऊन सांगितलं होतं: फिरणारं चाक पडत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी ते ताडून पाहायचं ठरवलं. त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक लावून भोवऱ्याचा परिणाम रद्द केला, तरी सायकल चालवता आली. मग पुढचं चाक पुढे सरकवून ट्रेलच उलटा केला, तेव्हा मात्र ती सांभाळणं फार अवघड झालं. हे त्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलं, आणि बरीच वर्षं ट्रेल हेच उत्तर वाटत राहिलं. नंतर २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी भोवरा-परिणामही नाही आणि ट्रेलही किंचित उलटा, अशी छोटी सायकल बनवली. ढकलून सोडल्यावर तीही स्वतःला सावरत सरळ गेली. वजन कुठे आणि किती आहे, हीसुद्धा त्या तोलाची एक चावी निघाली. जी गोष्ट पाड्यावरचा दहा वर्षांचा मुलगा वडिलांच्या सायकलवर कैची मारून एका दुपारी शिकतो, तिचं कारण एका वाक्यात आजही सांगता येत नाही.

वजनाचा विषय निघालाच, तर मेकॅनिकने मला सीटवर का बसवलं तेही सांगतो. आपण बसलो की स्प्रिंग दबतात. किती दबाव्यात याचा रानवाटेसाठीचा अंदाज असा, की चाकाच्या एकूण वर-खाली होण्यापैकी साधारण एक-तृतीयांश. राहिलेले दोन भाग दगडांसाठी, आणि दबलेला भागही वाया जात नाही. चाकाखाली अचानक खड्डा आला, तर तेवढं चाक खाली उतरून जमिनीला धरून राहतं. मापायला शिवणकामाची टेप आणि एक मित्र पुरतो. मागच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर गाडी उचलून एकदा मोजायचं आणि सगळं सामान अंगावर घेऊन बसल्यावर पुन्हा एकदा. माझी मागची स्प्रिंग फार दबत होती, म्हणून गाडीचं नाक वर उचललेलं, ट्रेल वाढलेला आणि पुढचं चाक हलकं. म्हणजे दोष पुढे दिसत होता आणि त्याचं मूळ मागे होतं. पुढे मागच्या शॉकअपवरची, स्प्रिंग दाबणारी चकती दोन खाचा आवळली, तेव्हा फोर्क दोन मिलिमीटर पुन्हा खाली आणावे लागले. एका जागी हात लावला की दुसरी जागा जागी होते.

स्प्रिंग एकटी असती तर गाडी बेडकासारखी उडत राहिली असती. दगडाचा धक्का ती साठवते आणि जवळपास सगळा परत करते. तो परत येताना अडवायचं काम शॉकअपमधलं तेल करतं. बारीक छिद्रांतून ते ढकललं जातं, घासतं, तापतं. डोळखांबच्या बाजूला तासभर गोट्यांतून फिरून आल्यावर मागच्या शॉकअपला हात लावून बघा, तो कोमट लागतो. वाटेवरचा प्रत्येक दगड त्या तेलात थोडी ऊब ठेवून गेलेला असतो. ही छिद्रं फार आवळली, तर ओहोळातल्या लागोपाठच्या गोट्यांवर स्प्रिंगला सावरायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू बसत जाते. सैल सोडली, तर मागचं चाक लाथ मारतं. मागे दोनऐवजी एकच लांब शॉकअप ही कल्पना बेल्जियमच्या ल्युसियाँ टिल्केन्स यांची. यामाहाने ती घेतली आणि १९७३ साली हाकान आंदेरसन यांनी त्याच रचनेच्या गाडीवर मोटोक्रॉसचं २५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. त्यानंतर चाकं किती वर-खाली व्हावीत याचीच शर्यत लागली.

पण चाकाचं शहाणपण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसोबाची म्हसा यात्रा भरते. तिचा बैलबाजार जुना आणि नावाजलेला. बैलगाडीचं जुनं लाकडी चाक उभं केलं तर माणसाच्या छातीला लागतं. तुंबा, आरे, पाटे, वरून लोखंडी धाव. एवढं मोठं कशाला? चार इंचांच्या दगडाला चाक भिडतं तेव्हा ते किती तिरक्या चढाला भिडतं, हे चाकाच्या उंचीवर ठरतं. चार फुटी चाकाला तो चढ सुमारे ३४ अंशांचा, रानवाटेच्या गाडीच्या २१ इंची पुढच्या चाकाला ४५ अंशांचा आणि १७ इंची रस्त्याच्या चाकाला ४८ अंशांचा पडतो. जपान-युरोपातल्या कारखान्यांनी डर्ट बाइकला पुढे २१ इंची चाक बसवलं ते याच कारणाने, आणि आपल्या सुताराने तासणी हातात धरली तीही याच कारणाने.

सगळ्यांत स्वस्त बदल मात्र हवेचा. गाडी आणि माणूस मिळून २२० किलो धरले, तर मागच्या चाकावर साधारण १२० किलो येतात. टायरमध्ये २९ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो. ढोबळ मानाने टायर जमिनीला ६० चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे पोस्टाच्या कार्डाच्या निम्म्या जागेएवढा. हवा १५ पौंडांवर आणली, की जवळपास पूर्ण कार्ड. इंजिनाची सगळी ताकद आणि आपला सगळा जीव त्या कार्डावर उभा असतो! कार्ड मोठं झालं, की बटण टायरची आणखी बटणं मुरमात रुततात आणि टायर टोकदार दगडावरून उसळण्याऐवजी त्याला कवेत घेतो. पण ट्यूब असेल तर कातळावर १५ पौंड धोक्याचे. रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि तिला साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मी १८ पौंडांच्या खाली जात नाही.

कारखान्यातून आलेल्या गाडीत किती बदल होऊ शकतो, याचं देशी उदाहरण हीरोची २०१९ साली आलेली एक्सपल्स २००. पुढचं चाक १९० मिलिमीटर वर-खाली होतं, मागचं १७०. पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळे. कंपनीनेच तिच्यासाठी रॅली किट काढलं, तेव्हा हे आकडे २५०, २२० आणि २७५ झाले. माझं मत विचाराल, तर आमच्या वाटांवर सुरुवातीला एवढ्याची गरज नाही. उंच गाडीवर पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि शेवाळलेल्या कातळावर टेकलेला एक पाय दहा सुट्या भागांइतका मोलाचा असतो. साखळीच्या पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला, तेराचे बारा, की गाडी माणसाच्या चालीने रेंगाळत चढते. उभं राहून चालवताना मनगट सरळ राहावं म्हणून क्लच-ब्रेकच्या दांड्या थोड्या खाली वळवल्या, की हात तासाभराने आखडत नाहीत. याला फक्त एक पाना लागतो. नोंदणी पुस्तकातले तपशील बदलतील असं काही करायचं, तर आधी आरटीओची परवानगी हवी.

आणि काही वाटा आपल्या नाहीतच. तानसा अभयारण्यात परवानगीशिवाय चाक घालू नये. नाणेघाटाच्या पायऱ्या सातवाहनांच्या काळापासून पावलांसाठी आणि लादलेल्या जनावरांसाठी आहेत. खाचराचा बांध एका बटण टायरने एका पावसात फुटतो, आणि तो पुन्हा घालायला घरातल्या दोन माणसांचा दिवस जातो. मी बांध दिसला की उतरतो आणि वळसा घेतो.

फोर्कच्या पाइपांवर मी आता पांढऱ्या रंगाच्या तीन बारीक रेघा मारून ठेवल्या आहेत. खालची मुरमाची, मधली गोट्यांची, वरची महामार्गाची. परतताना सरळगावच्या अलीकडे, डांबर लागण्याआधी, आंब्याच्या सावलीत गाडी लावतो, बोल्ट सैल करून पाइप खाली सरकवून वरच्या रेघेवर आणतो आणि पायाचा पंप काढतो. दर ठोक्याला टायर किंचित उचलला जातो, आणि खालचं ते पोस्टकार्ड हळूहळू अर्धं होत जातं.