कलम ४९८-अ : क्रौर्याची व्याख्या आणि पुराव्याचा प्रश्न

विवाहितेच्या छळासंबंधीच्या कायद्याची चर्चा बहुधा त्याच्या 'गैरवापरा'पासून सुरू होते. प्रस्तुत लेखात ती मंजुश्री सारडा प्रकरणापासून केली आहे. कारण हे कलम नसताना न्यायालयापुढे कोणता पेच उभा राहत असे, ते त्यातून दिसते.

मंजुश्री यांचा विवाह फेब्रुवारी १९८२ मध्ये झाला. १२ जून १९८२ रोजी पुण्यात त्या सासरी मृतावस्थेत आढळल्या. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता. पतीवर खुनाचा खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. पुरावा परिस्थितिजन्य होता आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. बहीण व मैत्रीण यांना मंजुश्रींनी लिहिलेली पत्रे मुख्य निकालपत्राने ग्राह्य धरली. त्यांतून मनाची घुसमट दिसत होती, पण घुसमटीवरून खून सिद्ध होत नाही. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच सूत्रांसाठी हा निकाल आजही उद्धृत होतो. पत्रांची आठवण मात्र क्वचितच निघते.

कलम ४९८-अ २५ डिसेंबर १९८३ पासून अमलात आले. संविधानाच्या अनुच्छेद २०(१) मुळे ते आधीच्या कृत्यांना लागू होणे शक्य नव्हते. या कलमाने जिवंत स्त्रीच्या छळाला स्वतंत्र गुन्ह्याचे स्थान दिले. हे कलम केवळ हुंड्यापुरते आहे, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः व्याख्येचे दोन भाग आहेत. स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करील किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर इजा पोहोचवील असे हेतुपुरस्सर वर्तन हा पहिला; मालमत्तेच्या बेकायदेशीर मागणीसाठी छळ हा दुसरा. पहिल्या भागात मागणीचा उल्लेखच नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आली असून कमाल शिक्षा तीन वर्षे कारावास व दंड अशी आहे.

अटकेबाबत अर्नेश कुमार निकालाने (२०१४) पोलिसांना आवश्यकतेची कारणे नोंदविण्यास बांधून घेतले. ते योग्यच झाले. डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांवरील मोघम आरोपांच्या आधारे खटला चालविणे अमान्य केले. म्हणून फिर्यादीत कोणी, केव्हा, काय केले हे स्वतंत्रपणे यावयास हवे. 'सासरच्या सर्वांनी छळ केला' या ठोकळेबाज वाक्याने खऱ्या पीडितेचेच नुकसान होते.

रूपाली देवी निकालाचे (२०१९) महत्त्व हिंगण्यासारख्या तालुक्यात विशेष आहे. दूर जिल्ह्यात दिलेली मुलगी छळामुळे हिंगण्यास माहेरी परतली, तर तिचा खटला येथील अधिकारक्षेत्रातही चालू शकतो. फिर्यादीसाठी सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. अशा मुलींपैकी काही आपल्या वर्गांतूनच गेलेल्या असतात.

आज पत्रांची जागा भ्रमणध्वनीवरील संदेशांनी घेतली आहे. त्यांच्या नुसत्या छापील प्रती दाखल करून भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. संतापाच्या भरात संदेश पुसून टाकण्यापूर्वी मुलीला हे कोणीतरी सांगितलेले असावे.