धूमकेतूवरचे पीठ

पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचे बीज धूमकेतूंतून आले का, हा प्रश्न मराठी वाचकाला डॉ. जयंत नारळीकरांमुळे परिचित आहे. मूळ कल्पना फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांची. ती तपासण्यासाठी नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून फुगे सोडले. २००५च्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत जिवाणूंच्या ३ नव्या जाती आढळल्या. एकीला हॉइल यांचे नाव मिळाले. मात्र त्या अवकाशातून आल्या की जमिनीवरून वर गेल्या, याचा निर्णय झाला नाही.

मग थेट धूमकेतूवरच उतरून काय कळले? युरोपीय अवकाश संस्थेचे रोझेटा यान २ मार्च २००४ रोजी निघाले आणि २०१४मध्ये ‘६७पी’ या सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या धूमकेतूपाशी पोहोचले. १२ नोव्हेंबरला त्याने १०० किलोचे ‘फिले’ खाली सोडले. तिथे त्याचे वजन जेमतेम १ ग्रॅम! आमच्या शुक्रवार पेठेतला चादरींचा गठ्ठा तिथे पिसासारखा वाटेल. म्हणून जमीन पकडून ठेवायला फिलेला दोरीचे भाले दिले होते. ते सुटलेच नाहीत. फिले उसळले, सुमारे २ तास भरकटले आणि कड्याच्या सावलीत अडकले. पुरेसे ऊन नसल्याने सुमारे ६० तासांत बॅटरी संपली.

तरी हाती बरेच लागले. शेवटच्या जागी ठोकलेला मोजणीचा खिळा कठीण थरात शिरेना. उलट, वाटेत फिले जिथे आपटले, तिथला धूळमिश्रित बर्फ कॉफीवरच्या फेसाहून मऊ असल्याचे २०२०मध्ये उलगडले. पहिल्या टप्प्याला उडालेल्या धुळीत १६ कार्बनी संयुगांच्या खुणा मिळाल्या. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत चैतन्य गिरी हे भारतीय शास्त्रज्ञ आहेत. रोझेटाला धूमकेतूभोवतीच्या वायूत ग्लायसीन हे अमिनो आम्ल आणि फॉस्फरसही सापडले.

याचा अर्थ तिथे जीव आहेत असा नाही. ज्वारीच्या मुलखात राहून मी एवढे सांगू शकतो, की पीठ म्हणजे भाकरी नव्हे. सजीवांच्या प्रथिनांतील अमिनो आम्ले जवळजवळ सगळी ‘डावखुरी’ असतात. धूमकेतूवरच्या रेणूंतही असा कल आहे का, हे फिले पाहणार होते. पण त्याच्या गिरमिटाला मातीचा नमुना मिळाला नाही. रोझेटाही ३० सप्टेंबर २०१६ रोजी त्याच धूमकेतूवर विसावले. नारळीकरांच्या प्रश्नाचे उत्तर अजून त्या बर्फाखालीच आहे.